परदेशी राहायला जाणाऱ्याचे दाखले

मंडळी, जावळी तालुक्याला परगावी जाणे नवे नाही. मेढ्याला एस.टी. धरायची, मुंबई गाठायची आणि माथाडीचे ओझे उचलायचे, असे आपल्या कितीतरी घरांनी केले. मुंबईला जाताना कुणी जन्माचा दाखला मागितला नाही. अंगात बळ आणि गाववाल्यांची खोली, एवढ्यावर भागत होते.

आता पोरे शिकली. कुणी आखातात कामाला जातो, कुणी कॅनडाला जातो, कुणी ऑस्ट्रेलियाला. तिकडे चार वर्षे काढली, काम जमले, की त्याला वाटते, बायकोमुलांना घेऊन इथेच राहावे. मग तो त्या सरकारकडे कायम राहण्याची परवानगी मागतो. अशी परवानगी मिळाली म्हणून माणूस त्या देशाचा नागरिक होत नाही. त्याचा पासपोर्ट आपल्या भारताचाच राहतो. पण त्याला तिथे राहता येते, काम करता येते, घरच्यांना जवळ ठेवता येते.

ही परवानगी देण्याआधी ते सरकार चार साधे प्रश्न विचारते. तू कोण? तुझा जन्म कधी व कुठे झाला? ही तुझी बायको कशावरून? हे मूल तुझे कशावरून? या प्रश्नांना तोंडी उत्तर चालत नाही. कागद लागतो. आणि तो कागद कॅनडात नसतो. तो केळघरला, कुडाळला, करहरला, ग्रामपंचायतीच्या कपाटात असतो. तो काढून पाठवायचे काम गावातल्या आईबापांवर, भावाबहिणीवर येते. म्हणून हा धडा आम्ही जाणाऱ्यासाठी नव्हे, तर मागे राहणाऱ्यांसाठी लिहिला आहे.

कागद कोणते लागतात?

प्रत्येक देशाची यादी वेगळी असते. आधी मुलाकडून ती यादी मागवून घ्यावी व वाचावी. तरी बहुतेक ठिकाणी पुढचे कागद असतातच.

पहिला, जन्माचा दाखला. नवऱ्याचा, बायकोचा व प्रत्येक मुलाचा.
दुसरा, लग्नाचा दाखला.
तिसरा, पोलिसांचा दाखला. या माणसावर गुन्हा नाही, असे त्यात लिहिलेले असते. भारतात हा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. साताऱ्याचे लोक पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. माणूस परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीकडे अर्ज करतो. दुसऱ्या देशात राहिला असेल तर त्या देशाचाही दाखला लागू शकतो. कॅनडाचा नियम असा आहे, की गेल्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिला, तिथला दाखला आणावा.
चौथा, ज्याला लागू असेल त्याने पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम.

जन्माची नोंद कुठे शोधावी?

इथे पुष्कळांची फसगत होते. माणसे आपल्या राहत्या गावी जाऊन नोंद शोधतात. ती तिथे सापडत नाही. मग म्हणतात, नोंदच नाही!

नियम असा आहे: जिथे जन्म झाला, तिथेच नोंद होते. राहता कुठे, याला महत्त्व नाही. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते. मग घर जावळीत असले तरी बाळाची नोंद वाई तालुक्यात, कोरेगाव तालुक्यात, जिथे माहेर असेल तिथे असते. बाळंतपण साताऱ्याच्या दवाखान्यात झाले तर नोंद साताऱ्याला. बाप मुंबईत कामाला होता आणि मूल तिथे जन्मले, तर नोंद मुंबई महापालिकेकडे. म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, “आजी, हा कुठं झाला?” तिचे उत्तर घ्या आणि मग त्या गावचा रस्ता धरा.

खेड्यात ही नोंद ग्रामसेवक ठेवतात. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. मेढ्यात नगरपंचायत आहे, तिथे ती नोंद पाहावी. फार जुन्या काळी गावचा पाटील ही नोंद ठेवी. तिला कोतवाल बुक म्हणत. अशी जुनी बुके तहसील कार्यालयाच्या दप्तरखान्यात मिळतात. काही मोडी लिपीत आहेत. ती वाचायला मोडी जाणणारा माणूस गाठावा लागतो. ज्यांची गावे कोयना धरणाच्या पाण्याखाली गेली, त्यांनीही आधी मेढ्याच्या तहसील कार्यालयात व पंचायत समितीत विचारावे.

नोंद कधी करावी?

मूल जन्मल्यावर २१ दिवसांत कळवले तर नोंद फुकट होते. हा १९६९ सालचा कायदा आहे. २१ दिवसांनंतर ३० दिवसांपर्यंत थोडे विलंब शुल्क पडते. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले, की दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावे लागे. २०२३ साली कायदा सुधारला. आता हा हुकूम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो. तो पुरावा पाहतो, चौकशी करतो. म्हणजे २१ दिवसांत एका फेरीत होणारे काम वर्षानंतर अनेक फेऱ्यांचे होते.

आणखी एक. बारशाआधी नोंद केली तर नावाची जागा रिकामी राहते. दाखल्यावर फक्त आईबापाची नावे येतात. असा दाखला परदेशी पाठवला तर ते विचारतात, हे मूल कोणते? म्हणून बारसे झाले, की पुन्हा जाऊन नाव भरून घ्यावे. एक वर्षाच्या आत ते फुकट होते. पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क देऊन होते.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला तर पासपोर्ट काढताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. शाळेचा कागद चालत नाही. तेव्हा तान्ह्या बाळाच्या घरात हे काम उद्यावर टाकू नये.

लग्नाचा दाखला

मांडवात पाचशे माणसे जेवली, बँड वाजला, फोटो निघाले. तरी परदेशी सरकारला त्याचे काही नाही. त्यांना नोंद हवी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने लग्नाची नोंद होते. खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते. नवरा, बायको व तीन साक्षीदार जातात आणि सह्या करतात. लग्नानंतर ९० दिवसांत नोंद करावी. उशीर झाला तर जादा शुल्क देऊन करता येते.

पण नवरा एकदा परदेशी गेला, की सही करायला तो कुठून येणार? त्याला रजा काढून, विमानाचे भाडे भरून यावे लागते. म्हणून सासरच्या मंडळींना आमचे सांगणे आहे: हळद उतरली, की जोडीला जेजुरीला न्या, आणि परत आल्यावर ग्रामपंचायतीत न्या.

सुनेसाठी हा दाखला फार मोलाचा आहे. आपल्याकडे लग्नात बाईचे आडनाव बदलते, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते. काही घरांत तिचे स्वतःचे नावही बदलतात. तिच्या जन्माच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे. परदेशी अधिकाऱ्याला या दोन निराळ्या बायका वाटतात. त्या दोन नावांना जोडणारा पूल म्हणजे लग्नाचा दाखला. त्यात तिचे माहेरचे पूर्ण नाव आले आहे ना, हे सही करण्याआधी वाचून पाहावे. नाव सगळेच बदलले असेल तर तो बदल सरकारी राजपत्रात छापून घ्यावा लागतो. राजपत्र म्हणजे सरकारचे अधिकृत छापील पत्रक. त्यातले पान पुराव्याला चालते.

नाव एक, कागद अनेक

आता एका घराची गोष्ट घेऊ. असे घर कोणत्याही गावात सापडेल.

मुलगा परदेशात आहे. त्याने बायको व लहानग्यासाठी अर्ज भरला. कागद गेले. काही महिन्यांनी पत्र आले: कागदांचा मेळ बसत नाही, खुलासा करा. म्हाताऱ्याने कागद समोर मांडले. मुलाच्या जन्माच्या नोंदीत तारीख होती ऑगस्टची. शाळा सोडल्याच्या दाखल्यात होती १ जून. पूर्वी पोराला शाळेत घालताना बापाला तारीख आठवत नसे. शाळा जूनमध्ये सुरू होई. मग गुरुजी १ जून लिहून टाकत. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेली किती माणसे सापडतील, त्याला गणती नाही! त्याच शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट निघाला. गावच्या वहीत खरी तारीख तशीच राहिली. चाळीस वर्षे दोन तारखा शेजारी शेजारी नांदल्या. कुणाचे काही अडले नाही. अडले ते आता. सून आणि नातू गावात, मुलगा तिकडे.

म्हातारा ग्रामपंचायतीत गेला.

“भाऊसाहेब, पोरगं म्हणतंय, त्या कागदावर मोठा सरकारी शिक्का मारून पाठवा.”

“आप्पा, मारता येईल. पण तारीख दोन कागदांवर दोन आहे. शिक्क्यानं ती एक होणार नाही.”

“मग शिक्का कशाला असतो?”

“सही खरी आहे, एवढंच सांगायला. आतला मजकूर खरा आहे, असं शिक्का सांगत नाही.”

“मग आता?”

“आता आधी कोणता कागद खरा ते ठरवायचं. जो चुकला तो जिथून निघाला, तिथं जाऊन दुरुस्त करायचा. मग शिक्का.”

मंडळी, भाऊसाहेब बोलले ते पाठ करून ठेवण्यासारखे आहे. आधी दुरुस्ती, मग शिक्का. उलटे केले तर पैसा जातो, दिवस जातात आणि शिक्का मारलेला चुकीचा कागद हातात राहतो.

ग्रामपंचायतीच्या वहीत चूक असेल तर दुरुस्ती कशी होते? जुना मजकूर खोडत नाहीत. त्यावर कागद चिकटवत नाहीत. बाजूच्या कोऱ्या जागेत, म्हणजे समासात, बरोबर मजकूर लिहितात. खाली सही आणि तारीख घालतात. मूळ नोंद तशीच राहते. त्यासाठी अर्ज करावा लागतो व पुरावा द्यावा लागतो. शाळेच्या दाखल्यात चूक असेल तर शाळेमार्फत शिक्षण खात्याकडे जावे लागते. पासपोर्टात चूक असेल तर पासपोर्ट कार्यालयात. ज्याने लिहिले त्यानेच सुधारावे, हा रस्ता आहे. घरी पेनाने अक्षर सुधारू नये. तो गुन्हा होतो आणि सगळा अर्ज बुडतो.

तारखेइतकाच घोळ नावाच्या स्पेलिंगचा होतो. मराठीत नाव एकच, पण इंग्रजीत एकाने एका तऱ्हेने लिहिले, दुसऱ्याने दुसऱ्या. पवार, शिंदे, चव्हाण ही आडनावे इंग्रजीत दोन दोन, तीन तीन प्रकारे लिहितात. आपल्याला सगळी सारखीच वाटतात. परदेशी कारकुनाला ती निराळी माणसे वाटतात. ज्याला इंग्रजी येत नाही, त्यानेही अक्षरे मोजावी. पासपोर्ट हाती घ्यावा, दाखला शेजारी ठेवावा, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून जुळवावे. चित्रे जुळवावी तशी अक्षरे जुळवता येतात.

शिक्का कसा मिळतो?

काही देश नुसता दाखला घेत नाहीत. ते म्हणतात, ही सही खऱ्या अधिकाऱ्याची कशावरून? म्हणून हेग शहरात १९६१ साली अनेक देशांनी एक करार केला. त्यात ठरले, की प्रत्येक देशाने आपल्या कागदावर एकाच नमुन्याचे प्रमाणपत्र लावावे आणि करारातल्या दुसऱ्या देशाने ते मानावे. त्या प्रमाणपत्राला अपोस्टिल म्हणतात. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. कॅनडात तो ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला.

रस्ता असा आहे. जन्माचा किंवा लग्नाचा दाखला आधी राज्य सरकारच्या गृह विभागाकडून किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून साक्षांकित होतो. मग तो भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. तिथे अपोस्टिल लागते. त्याचे सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. कागद नेऊन देणाऱ्या नेमलेल्या संस्थेची सेवेची रक्कम वेगळी पडते. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत हे देश या करारात नाहीत. त्यांच्यासाठी मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही लागतो.

सगळ्याच अर्जांना हा शिक्का लागतो असे नाही. काही ठिकाणी मूळ दाखला आणि त्याचे प्रमाणित भाषांतर पुरते. म्हणून यादी वाचल्याशिवाय शिक्क्यामागे धावू नये. दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळत असेल तर तोच मागावा. जुना हातचा दाखला असेल तर नवी छापील प्रत काढावी.

दुसऱ्या मुलखातले उदाहरण

हा त्रास आपल्यालाच आहे, असे कुणी समजू नये. युक्रेन नावाचा देश आहे. आपल्याकडची बरीच मुले तिथे डॉक्टरकी शिकायला जात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने त्या देशावर मोठी चढाई केली. आपल्या सरकारने ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेतून मुलांना परत आणले. पण तिथल्या लाखो लोकांना घरदार सोडून परक्या देशांत जावे लागले.

कॅनडाने त्यांच्यातल्या काहींना कायम राहण्याची वाट दिली. ज्यांचे जवळचे नातलग कॅनडात होते, त्यांना २३ ऑक्टोबर २०२३ पासून २२ ऑक्टोबर २०२४ पर्यंत अर्ज करता आला. पण नाते सिद्ध कसे करायचे? ही माझी बहीण, असे नुसते सांगून कसे चालेल? दोघांचे जन्माचे दाखले पुढे ठेवायचे. दोन्हीवर आईबाप तेच असले तर नाते सिद्ध.

आणि तिथेही नावाचा घोळ होताच. १९९१ पर्यंत युक्रेन हा सोव्हिएत संघात होता. त्या काळच्या कागदांवर पुष्कळांची नावे रशियन वळणाने लिहिलेली. पुढे ती युक्रेनी वळणाने लिहू लागले. जुन्या कागदावरचा निकोलाय नव्या कागदावर मिकोला झाला. माणूस एक, नावे दोन. तेही आपल्यासारखे बापाचे नाव स्वतःच्या नावाला जोडतात. एका कागदावर ते असते, दुसऱ्यावर नसते. आपल्या सुनेची आणि त्या लोकांची अडचण एकाच जातीची आहे.

त्यांना एक सोय मात्र कामी आली. तिथे जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी संगणकावर चढवलेल्या होत्या. त्यामुळे जन्मगावापर्यंत जाता आले नाही, तरी अशा नोंदीची नवी प्रत देशातल्या दुसऱ्या नोंदणी कचेरीतून काढता येई. घर पडले, गाव सोडले, पण नोंद उरली. ज्याची नोंद उरली, त्याचे नाते उरले. आपणही आपली जुनी नोंद संगणकावर चढली आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे.

कागद सांभाळावे कसे?

मूळ कागद पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे. जावळीच्या पावसात भिंतीला ओल येते, हे आम्ही सांगायला नको. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढाव्या. एक घरी, एक जवळच्या नातलगाकडे. कुणाला मूळ कागद द्यायचा झाला तर पावती घ्यावी. पावती देत नाही त्याला कागद देऊ नये. “आठ दिवसांत सगळं करून देतो, तुम्ही फक्त पैसे द्या,” असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. खोटा दाखला कितीही सुबक असला तरी परदेशी सरकार गावच्या वहीशी तपासून पाहू शकते. मग परवानगी जाते आणि पुढच्या अर्जाचेही दार लागते.

कचेरीत अर्ज दिला, की पोच घ्यावी. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. त्याने कोणते काम किती दिवसांत व्हावे, हे ठरले आहे. ती मुदत कचेरीच्या फलकावर पाहावी. फलक वाचता येतो, तो उगीच नव्हे.

सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. तेव्हा खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांनी अंगठा सोडून सही धरली. सही करता येणे ही पहिली पायरी. जिच्यावर सही करायची ती ओळ वाचता येणे ही दुसरी. नातवाच्या दाखल्यावरचे नाव आजीने स्वतः वाचले आणि “भाऊसाहेब, इथं एक काना राहिला,” असे सांगितले, तर त्या एका कान्याने पुढची दोन वर्षे वाचतात.

घरी करून पाहा

१. घरातल्या एका माणसाचे पाच कागद घ्या: जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आधार कार्ड, रेशन कार्ड, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड. एका वहीत त्यांच्यावरचे नाव आणि जन्मतारीख, जसे लिहिले आहे तसे, एकाखाली एक उतरवा. जिथे फरक दिसेल तिथे खूण करा.
२. घरातले प्रत्येक मूल कोणत्या गावी जन्मले, ते लिहा. त्या गावी नोंद आहे का, ते विचारून या.
३. घरातल्या लग्नांची नोंद झाली आहे का? झाली नसेल तर तीन साक्षीदारांची नावे लिहा.

सांगा पाहू

१. बाळंतपण माहेरी झाले तर बाळाची नोंद कुठे सापडेल?
२. शिक्का कशाची साक्ष देतो आणि कशाची देत नाही?
३. वहीतली चूक सुधारताना जुना मजकूर खोडतात का?
४. दुरुस्ती आधी, की शिक्का आधी? का?